थेंब पडेपर्यंत

व्हिडिओ कलेच्या प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. अंधाऱ्या खोलीत तो पाच-सात मिनिटं उभा राहिलेला असतो. पडद्यावर एक बाई स्वयंपाकघरातली भांडी एकेक करून दाखवते, किंवा नळाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब फुगत राहतो, किंवा रस्त्यावरून माणसं नुसती येत-जात राहतात. गोष्ट नाही, गाणं नाही, शेवटही नाही. बाहेर येऊन तो विचारतो, "हे तर आमच्याकडे रोज घडतं. यात पाहायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. 'तुम्हाला नाही कळायचं' असं म्हणून तो झटकून टाकणं हा प्रेक्षकाचा अपमान आहे. त्याला सरळ उत्तर देता येतं, आणि या प्रकरणात आपण त्या उत्तराकडे एकेक पायरीने जाऊ.

आधी एक छोटं काम करा. कागद-पेन्सिल घ्या आणि जागेवरून न उठता आपल्या घरच्या कुकरच्या झाकणाचं चित्र काढा. शिट्टी बरोबर मधोमध आहे की जराशी कडेला? सेफ्टी व्हॉल्व्ह तिच्या कोणत्या बाजूला? दांड्यावर कंपनीचं नाव आहे का, आणि असलं तर सरळ वाचता येतं की उलटं? चित्र झालं की स्वयंपाकघरात जाऊन ताडून पाहा. वर्षानुवर्षं जे झाकण रोज हाताळलं, त्याची दोन-तीन अंगं तरी चुकलेली निघतील. तुमची स्मरणशक्ती कमी आहे असा याचा अर्थ नाही. ते झाकण तुम्ही कधी पाहिलेलंच नव्हतं, एवढाच अर्थ आहे.

१. आपल्याला वस्तू दिसत नाहीत, त्यांची कामं दिसतात

कुकर लावताना आपली नजर झाकणावर असते, पण ती एकच गोष्ट तपासत असते: झाकण नीट बसलं का? बसलं की नजर तिथून हटते. किल्ली कुलपात गेली, बसचा नंबर कळला, पोळी उलटली, की त्या त्या वस्तूशी आपला व्यवहार संपतो. मेंदूची ही काटकसर गरजेची आहे. सकाळी डबा भरताना प्रत्येक पोळीवरचे फुगे न्याहाळत बसलो तर आठ-दहाची लोकल निघून जाईल.

पण काटकसर कुठवर जाते हे पाहिलं की धक्का बसतो. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९९९चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना एक छोटा व्हिडिओ दाखवला. त्यात काही खेळाडू चेंडू एकमेकांकडे टाकत आहेत. पांढऱ्या सदऱ्यांतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा दिला, हे मोजायचं. मधेच गोरिलाचा वेश घातलेला एक माणूस खेळाडूंमधून चालत येतो, छाती बडवतो आणि निघून जातो. मोजण्यात गुंतलेल्या लोकांपैकी साधारण निम्म्यांना तो दिसलाच नाही. डोळे उघडे होते, गोरिला समोर होता. पण त्या डोळ्यांना दुसरं काम नेमून दिलेलं होतं.

आता याची दुसरी बाजू पाहा. खोलीत पंखा चालू असतो. त्याचा आवाज कोणाच्याही कानात नसतो. वीज जाते, पाती मंदावतात, आणि त्याच क्षणी आपल्याला कळतं की इतका वेळ आवाज होता. पंख्याचं काम थांबलं आणि पंखा जाणवला.

रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी १९१७ साली एका निबंधात हेच कलेबद्दल मांडलं. सवय आपल्या आसपासचं सगळं गिळून टाकते, आणि ते परत जाणवून देणं हे कलेचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कल्पनेला मराठी समीक्षेत 'अपरिचितीकरण' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण जड आहे. आपण 'ओळख मोडणं' म्हणू. ओळख मोडण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. व्हिडिओ कलावंतांचा आवडता मार्ग मला पंख्यासारखा वाटतो. ते वस्तूकडून तिचं काम काढून घेतात आणि उरलेली वस्तू आपल्यासमोर ठेवतात. पुढची सगळी उदाहरणं या एका वाक्याची आहेत.

२. बिघडलेला टीव्ही आणि लक्षात ठेवणारा आरसा

१९६३ साली जर्मनीतल्या वुपरटाल गावी नाम जून पाईक या कोरियात जन्मलेल्या तरुण संगीतकाराने एक प्रदर्शन भरवलं. त्यात खोलीभर टीव्ही संच होते आणि प्रत्येकाच्या आतल्या जोडण्यांमध्ये त्याने काही ना काही फेरफार केला होता. त्यातला एक संच वाहतुकीत मोडला. त्यावर चित्राऐवजी एक उजळ रेघ तेवढी उरली होती. पाईकने तो परत पाठवला नाही. त्याने संच आडवा केला, रेघ उभी झाली, आणि त्याला नाव दिलं 'झेन फॉर टीव्ही'.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही ज्यांनी वापरले त्यांना ही रेघ माहीत आहे. ती दिसली की मेकॅनिकला निरोप जायचा. पाईकच्या खोलीत मेकॅनिक येणार नव्हता. बातम्या नाहीत, मालिका नाही. घराच्या कोपऱ्यात प्रकाश टाकणारी एक काचेची पेटी आहे आणि आपण सगळे रोज तिच्याकडे तोंड करून बसतो, एवढंच उरलं.

काही वर्षांतच, १९६७च्या सुमारास, सोनी कंपनीचा पोर्टापॅक बाजारात आला. एकट्या माणसाला खांद्यावर अडकवून नेता येईल असा हा कृष्णधवल व्हिडिओ कॅमेरा. त्याचं महत्त्व कळण्यासाठी फिल्म आणि टेप यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. फिल्म प्रयोगशाळेत धुवावी लागते. काय टिपलं ते नंतर कळतं. ती महागही असते, म्हणून दर मिनिटाला हात आखडतो. टेप धुवावी लागत नाही, पुसून पुन्हा वापरता येते, आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे घडतं ते त्याच क्षणी शेजारच्या पडद्यावर दिसतं. टेप म्हणजे लक्षात ठेवणारा आरसा. 'काहीच घडत नाही' असं वीस मिनिटं टिपणं परवडू लागलं ते या आरशामुळे.

३. वेळ ताणणे: थोडं गणित

सिनेमा म्हणजे स्थिर चित्रांची माळ, हे आपल्याला माहीत असतं. सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांसमोरून गेली की हालचाल दिसते. आता स्कॉटलंडच्या डग्लस गॉर्डनने १९९३ साली काय केलं ते पाहा. त्याने आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' घेतला आणि त्यात काहीही न घालता, काहीही न कापता, तो इतका संथ केला की पूर्ण सिनेमा २४ तास चालावा. कलाकृतीचं नाव '२४ अवर सायको'.

'सायको' १०९ मिनिटांचा आहे. १०९ गुणिले ६० सेकंद गुणिले २४ चित्रं, म्हणजे सुमारे १ लाख ५७ हजार चित्रं. दिवसाचे सेकंद ८६ हजार ४००. भागाकार केला की सेकंदाला दोनाहूनही कमी चित्रं वाट्याला येतात. म्हणजे प्रत्येक चित्र साधारण अर्धा सेकंद पडद्यावर थांबतं, मग खाडकन पुढचं येतं. मूळ सिनेमात पाऊण मिनिट चालणारा एखादा प्रसंग इथे दहा मिनिटं चालतो.

यामुळे होतं काय? 'सायको'सारख्या रहस्यपटात प्रत्येक हालचालीचं एक काम असतं: आपल्याला पुढे काय होणार या भीतीकडे ढकलणं. संथ झाल्यावर ते काम गळून पडतं. हात दाराच्या मुठीकडे जातो आहे, जातोच आहे. भीती कधीच निघून गेलेली असते आणि आपण मुठीवरचा उजेड पाहू लागतो. बोटं कशी दुमडतात, भिंतीवरचा कागद कसा आहे, चेहऱ्यावर दोन भावांच्या मधे असा एक क्षण असतो जेव्हा तो चेहरा कोणताच भाव दाखवत नाही, हे सगळं त्या सिनेमात पहिल्यापासून होतं.

आता दुसरं उदाहरण, कारण संथपणा दोन तऱ्हेचा असतो. अमेरिकेच्या बिल व्हायोलाने १९९५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात 'द ग्रीटिंग' दाखवलं. दोन बायका रस्त्याकडेला बोलत उभ्या आहेत, तिसरी येते, ती गरोदर आहे, एकीला मिठी मारते आणि कानात काहीतरी सांगते. दुसरी जराशी बाजूला पडते. प्रत्यक्षात हे सगळं ४५ सेकंदांत संपलं. पडद्यावर ते सुमारे दहा मिनिटं चालतं.

ताणण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेरा पट. तरी 'सायको' झटके देत चालतो आणि व्हायोलाची बाई पाण्यातून चालल्यासारखी सरकते. कारण सोपं आहे. गॉर्डनकडे सेकंदाला २४ चित्रंच होती; तेवढीच पसरायची. व्हायोलाने मुळात सेकंदाला ३०० चित्रं टिपणारा कॅमेरा वापरला. शंभर माणसांच्या आमटीत पाणी घालून ती हजारांना वाढणं वेगळं आणि हजारांसाठीच आमटी करणं वेगळं. व्हायोलाच्या चित्रात मधली प्रत्येक हालचाल खरोखर टिपलेली आहे.

आणि त्यात काय सापडतं? बाजूला पडलेल्या त्या बाईचा चेहरा. हळदीकुंकवाला, लग्नघरी, ऑफिसच्या चहाच्या टेबलाशी आपण हे शेकडो वेळा पाहिलेलं आहे: दोघींच्या बोलण्यात तिसरी येते आणि एक जण कडेची होते. 'या, या, बसा' या शब्दांचं काम असतं हा क्षण झाकण्याचं. इथे शब्द जवळपास ऐकू येत नाहीत, वेळ पुढे जात नाही, आणि झाकण उघडं पडतं. त्या बाईचं हसू ओठांवर राहतं, डोळ्यांतून मात्र हळूहळू निघून जातं. पूर्ण वेगात हे पाव सेकंदात होऊन गेलं असतं.

४. स्वयंपाकघरातली बाराखडी

सगळी व्हिडिओ कला संथ असते असं मात्र नाही. अमेरिकेच्या मार्था रोझ्लरचं 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन' हे १९७५चं काम अवघं सहा मिनिटांचं आहे आणि त्यात वेळ अजिबात ताणलेला नाही. सेमिऑटिक्स म्हणजे चिन्हांचा अभ्यास: एखादी खूण पाहून आपण तिचा अर्थ काय आणि का लावतो, याचं शास्त्र.

कॅमेरा एका जागी. टेबलामागे एक तरुण बाई, मागे शेगडी आणि फ्रीज. अमेरिकेतल्या टीव्हीवर तेव्हा पाककृतींचे कार्यक्रम लोकप्रिय होते. पहिल्या क्षणी हेही तसंच वाटतं. ती ए अक्षरापासून सुरू करते. एप्रन घालते आणि सपाट आवाजात म्हणते, 'एप्रन'. मग बी, बोल; सी, चॉपर. प्रत्येक वस्तू उचलते, नाव सांगते आणि ती कशी वापरायची हे दाखवते. पण पदार्थ काहीच नाही. भांडं रिकामं, पातेलं रिकामं.

थोड्याच वेळात पाहणारा सावरून बसतो. काटा ती हवेत भोसकते. बर्फ फोडायचा टोच्या टेबलात खुपसते. डावाने काहीतरी वाढल्यासारखं करते आणि ते अदृश्य काहीतरी खांद्यावरून मागे फेकून देते. शेवटच्या अक्षरांसाठी तिच्याकडे वस्तूच उरत नाहीत. तेव्हा हातात सुरी-काटा धरून ती स्वतःच्या शरीराने यू, व्ही, डब्ल्यू अशी अक्षरं करते, आणि झेड सुरीने हवेत कापते. मग हाताची घडी, किंचित खांदे उडवणं, आणि संपलं.

इथे वस्तूचं काम काढून घेण्याची युक्ती फार साधी आहे. अन्न काढून घेतलं. अन्न नसलं की किसणी म्हणजे धारदार दातांचा पत्रा राहतो. हाताची तीच हालचाल, जी चटणी करताना कोणाच्या नजरेत भरत नाही, आता रागाची वाटू लागते. तो राग या बाईने नाटकासाठी आणला, की तो त्या हालचालीत होताच आणि अन्नाखाली झाकला गेला होता? हे काम पाहून झाल्यावर हा प्रश्न स्वयंपाकघरात आपल्याबरोबर येतो. घरातली कोण बाई डबे आदळते आहे आणि का, हे ऐकण्याचे कान त्यातून मिळतात.

मुंबईतल्या बायकांनी हेच सत्य कॅमेऱ्याशिवाय आणि रोझ्लरच्याही आधी रस्त्यावर मांडलं होतं, याची मला इथे आठवण करून द्यावीशी वाटते. १९७२नंतर महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन निघाल्या. पोळपाटापासून तोडलेलं लाटणं, भातापासून तोडलेली थाळी. त्या मोर्चाला कोणी कला म्हणत नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही. पण घरात कधी ऐकू न येणारी थाळी चौकात वाजली तेव्हा सरकारला ऐकू आली, हे खरं आहे.

५. रस्ता कोणाच्या हुकमावर चालतो?

इंग्लंडच्या जॉन स्मिथचं 'द गर्ल च्युइंग गम' १९७६चं आहे, बारा मिनिटांचं. ते फिल्मवर चित्रित झालेलं आहे, तरी आपल्या विषयाला ते इतकं चपखल आहे की वगळवत नाही.

पूर्व लंडनमधला एक गजबजलेला कोपरा. एक आवाज दिग्दर्शकासारख्या सूचना देतो आहे: आता ट्रेलर डावीकडे जाऊ दे, आता त्या मुलीने इकडून यायचं. आणि मुलगी येते. पहिलं मिनिटभर आपण गाफील असतो. चित्रीकरण चालू आहे, कलाकार सूचनेप्रमाणे वागत आहेत. मग आवाज कबुतरांना सूचना देतो. मग घड्याळाच्या मोठ्या काट्याने तासाला एक फेरा मारावा असं फर्मावतो. आता आपल्याला उमगतं की आवाज नंतर घातलेला आहे; रस्ता आपल्या मनाने चालला होता, सूत्रधार मागून बोलतो आहे.

गंमत इथे संपत नाही. पुढे तो आवाज एका तरुणाबद्दल सांगतो की याने नुकतंच पोस्ट लुटलं आहे आणि खिशात त्याचा हात पिस्तुलावर आहे. आवाज खोटा आहे हे आपल्याला कळून चुकलेलं आहे. तरीही त्या तरुणाच्या खिशाकडे आपली नजर जाते. टीव्हीवरच्या बातम्यांत आपण जे पाहतो त्यातलं किती दिसलेलं असतं आणि किती सांगितलेलं असतं, हे यापेक्षा स्वच्छ मला दुसऱ्या कशात दिसलेलं नाही. घरी करून पाहायला सोपं आहे: गॅलरीत उभं राहून खालच्या रस्त्याबद्दल मुलांना एक मिनिटभर अशा सूचना 'द्या'. 'आता रिक्षा थांबेल, आता आजोबा रस्ता ओलांडतील.' मुलं पटकन हा खेळ शिकतात, आणि नंतर टीव्हीपुढे बसून शंका विचारू लागतात.

६. थेंबात उलटे उभे आपण

आता त्या नळाच्या थेंबाकडे येऊ. बिल व्हायोलाचं 'ही वीप्स फॉर यू' १९७६चं आहे.

खोली अंधारी. छतातून एक बारीक तांब्याची नळी खाली येते, तिच्या टोकाला पितळेची छोटी तोटी. तोटीच्या तोंडाशी एक थेंब धरतो. त्याच्या अगदी जवळ कॅमेरा आहे, आणि कॅमेरा पाहतो ते मागच्या मोठ्या पडद्यावर त्याच क्षणी दिसतं. म्हणजे थेंब डोळ्याला ज्वारीच्या दाण्याएवढा, पडद्यावर पुरुषभर उंच.

थेंब गोलसर आणि पारदर्शक असतो, म्हणून तो भिंगाचं काम करतो. भिंग डोळ्यापासून लांब धरून खिडकीकडे पाहिलं तर खिडकी उलटी दिसते; तसंच इथे. पडद्यावरच्या त्या प्रचंड थेंबात खोली दिसते आणि खोलीत उभा असलेला जो कोणी असेल तो दिसतो, डोकं खाली पाय वर. तुम्ही हात हलवला तर थेंबातला हात हलतो. थेंब फुगत जातो, त्याबरोबर आतला माणूस मोठा होत जातो, काठ थरथरू लागतात. मग तो सुटतो. खाली एक छोटं चर्मवाद्य ठेवलेलं आहे आणि त्याचा आवाज ध्वनिवर्धकातून येतो. घुमणारा मोठा 'डम्म'. पडदा रिकामा होतो. लगेच तोटीशी नवा थेंब, आत पुन्हा तुम्ही, बारीकसे.

गळणाऱ्या नळावर आपल्याकडे एकच उत्तर आहे: प्लंबर. रात्री टपटप ऐकू येऊ नये म्हणून आपण खाली फडकं ठेवतो. तिथे एका थेंबासाठी माणसं श्वास रोखून उभी राहतात. मला या कामात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की कॅमेऱ्याने थेंबात काहीही घातलेलं नाही. तुमच्या बेसिनच्या नळाला आत्ता लटकलेल्या थेंबातही सगळं न्हाणीघर उलटं आहे. तुम्ही समोर उभे असाल तर तुम्हीही आहात.

व्हिडिओ कॅमेरा त्याच क्षणी दाखवतो म्हणून हे शक्य झालं. त्याच गुणाचा आणखी एक वापर अमेरिकेच्या ब्रूस नॉमनने १९७० साली केला. एक अरुंद बोळ, टोकाला दोन टीव्ही. एकावर रिकाम्या बोळाचं आधीच टिपलेलं चित्र. दुसऱ्यावर तुम्ही, पण कॅमेरा तुमच्या मागे, बोळाच्या तोंडाशी उंचावर बसवलेला. त्यामुळे टीव्हीच्या जवळ जावं तसतशी तुमची पाठमोरी आकृती लहान होत तुमच्यापासून दूर जाते. चालणं, जे वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर आपण कधी विचारात घेतलं नाही, ते अचानक अवघड होतं.

७. ट्रंक, साडीची घडी, सावली

मुंबईत १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांनी 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केली. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथे एकत्र प्रयोग करत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी त्यांच्यात होत्या. त्यांचा जन्म १९४६चा, कराचीचा; फाळणीनंतर कुटुंब भारतात आलं.

मे १९९८मध्ये भारताने आणि पाठोपाठ पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. त्याच साली मलानींनी 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' केलं. नाव उर्दू लेखक मंटो यांच्या फाळणीवरच्या कथेवरून. मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात ते मांडलं गेलं. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका, झाकणं उघडी, आत रजया आणि रजयांत टीव्ही. भिंतींवर मोठी चित्रं, त्यांत अणुस्फोटांचे ढगही.

ट्रंक आपल्या घरांत पलंगाखाली असते. तिचं काम झाकून ठेवणं: हिवाळी कपडे, जुनी भांडी, कागदपत्रं. इथे ती उघडी आहे, आणि उघडी ट्रंक म्हणजे निघण्याची घाई, हे पाहणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. एका रात्रीत घर सोडताना माणूस नेतो तेवढंच तिच्यात मावतं.

पण मला त्याहून भिडतं ते समोरासमोरच्या दोन भिंतींवरचं दृश्य. एका भिंतीवर एक स्त्री, पलीकडच्या भिंतीवर दुसरी. एक भारतातली, एक पाकिस्तानातली. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. मधे आख्खी खोली आहे, ट्रंका आहेत, आपण आहोत. साडीची घडी कशी घालतात ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकं हातात द्यायची. त्या चालत येण्यातच बोटं बोटांना लागतात. हे काम एकटीला नीट जमत नाही. दोन देशांमधल्या तुटलेपणावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत; जवळ येता न येणाऱ्या या घडीइतकं थोडक्यात ते कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांनी २००६-०७च्या सुमारास सावल्यांवर कामं केली. तुम्ही पडद्यासमोर उभे राहता, कॅमेरा तुमची आकृती टिपतो आणि ती सावली होऊन पडद्यावर उमटते. मग वरून वस्तूंच्या सावल्या घरंगळत येतात आणि तुमच्या सावलीला चिकटतात. हलून पाहा, झटकून पाहा, त्या सुटत नाहीत. आणखी येत राहतात. सावली म्हणजे आपली, फुकटची, बिनवजनाची. तीच ओझं वाहताना दिसते.

आणि 'कॅम्प' या मुंबईच्या गटाचं २०२२चं 'बॉम्बे टिल्ट्स डाउन'. मध्य मुंबईतल्या ३५ मजली इमारतीवर बसवलेल्या एका सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून, दुरून नियंत्रण करून, ते टिपलं आहे आणि सात पडद्यांवर दाखवलं जातं. सीसीटीव्हीचं काम संशय घेणं. इथे ते काम काढून घेतलं आहे. कॅमेरा मनोऱ्यांच्या टोकांवरून हळूहळू खाली झुकतो आणि बैठ्या वस्त्यांच्या छपरांवर येतो, जिथे माणसं आपापली कामं करत आहेत. मुंबईची उंची आपण नेहमी खालून वर मान करून मोजतो. वरून खाली मोजली की तिचं खरं माप कळतं.

८. कंटाळ्याचं काय?

कंटाळा येतो, हे मान्य करायला हवं. प्रदर्शनांत लागणारी पुष्कळशी कामं लांबट आणि पोकळ असतात. संथ केलं की खोल झालं, या समजुतीने किती तरी जणांनी किती तरी टेप वाया घालवली आहे.

मग चांगलं कसं ओळखायचं? जाहिरातीशी तुलना करून पाहा. तिथेही वेळ ताणतात. चॉकलेट संथपणे ओघळतं, केस संथपणे उडतात, दूध पेल्यात संथपणे पडतं. चित्र सुंदर असतं. पण जाहिरात वस्तूकडून जुनं काम काढून लगेच नवं काम चिकटवते: 'मला विकत घे.' तुमच्या घरचं दूध त्यानंतर फिकं वाटतं. चांगल्या व्हिडिओ कलाकृतीनंतर घरची वस्तू अधिक ठसठशीत होते. मी हीच एक कसोटी वापरतो. दोन दिवसांनी नळ, किसणी, ट्रंक समोर आली तेव्हा हात क्षणभर थबकला का? थबकला असेल तर ते काम खरं.

सुरुवातीच्या त्या माणसाला उत्तर द्यायचं तर ते असं: हो, हे तुमच्या घरी रोज घडतं, आणि म्हणूनच ते तुम्हाला दाखवलं आहे.

९. घरी करून पाहा

आजच्या बहुतेक फोनमध्ये स्लो मोशन असतं. पुष्कळ फोन सेकंदाला २४० चित्रं टिपतात. ती ३०च्या वेगाने दाखवली की वेळ आठ पट ताणला जातो. दूध उतू जाण्याचे तीन सेकंद २४ सेकंद होतात. साय कशी फुगते, एका बाजूने कशी फाटते, पहिला ओघळ कुठून सुटतो, हे पाहून घ्या. गॅस वेळेवर बंद करायला एक माणूस शेजारी उभा करा.

मग स्लो मोशन बंद करा आणि याहून अवघड गोष्ट करा. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ओट्याकडे तोंड करून ठेवा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. ओट्यापाशी जो कोणी काम करत असेल त्याला आधी सांगा, परवानगी घ्या. कॅमेरा हलवायचा नाही, जवळ न्यायचा नाही. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून ते चित्रण आवाज बंद करून एकदा आणि आवाजासकट एकदा पाहा. कोणाचे हात सगळ्यात जास्त वेळ चित्रात आहेत ते मोजा. दोन्ही वेळा पूर्ण दहा मिनिटं पाहा, मधे पुढे पळवू नका.